पिरानेसीच्या छापचित्रांतील रोमचे भग्नावशेष: साक्ष म्हणून किती मानायचे?

पडवीतला_वाचक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्या आजोबांनी सुमारे साठ वर्षांपूर्वी मुंबईत जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून घेतलेले एक मोठे छापचित्र आमच्या घरी भिंतीवर आहे. ते जोव्हान्नी बत्तिस्ता पिरानेसी या अठराव्या शतकातील इटालियन कलावंताचे अम्लरेखन, म्हणजे आपण ज्याला सर्रास एचिंग म्हणतो ते, असून त्याच्या 'वेदुते दि रोमा' या रोमच्या दृश्यमालेतील आहे. चित्राखाली 'काम्पो वाच्चिनो' असे लिहिलेले आहे. त्याचा अर्थ गुरांचे रान. प्राचीन रोमचा फोरम, जिथे सीझरच्या काळी सत्तेचे सारे व्यवहार चालत, त्या जागेला पिरानेसीच्या काळी लोक हेच नाव देत होते, कारण तिथे खरोखरच गुरांचा बाजार भरत असे.

चित्र कॅपिटोल टेकडीवरून खाली पाहताना दिसणारे आहे. डाव्या हाताला सेप्टिमियस सेव्हेरसची कमान जमिनीत निम्मी गाडलेली दिसते, उजवीकडे तीन खांबांचे फक्त माथे मातीबाहेर आहेत, मधून झाडांची दुहेरी रांग टायटसच्या कमानीकडे जाते आणि अगदी शेवटी कलोसियम धुक्यात असल्यासारखे विरळ होत जाते. हे विरळ होणे मला लहानपणापासून या चित्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटत आले आहे. पुढच्या दगडांवरच्या काळ्याभोर सावल्या आणि मागचे ते धूसर कलोसियम यांतून पिरानेसीने काळाचे अंतर दाखवले आहे, असे माझे मत होते.

गेल्या वर्षी रोमला जाण्याचा योग आला आणि मी जवळजवळ त्याच जागी उभा राहिलो. आता उत्खनन झालेले असल्यामुळे गाडलेले खांब मोकळे दिसतात, ते अपेक्षितच होते. पण खरा धक्का प्रमाणाचा होता. चित्रात जे मैदान क्षितिजापर्यंत पसरलेले वाटते, ते प्रत्यक्षात पाच-सात मिनिटांत चालून संपते. असा अपेक्षाभंग झालेला मी पहिलाच नव्हे, हे नंतर वाचनात आले. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यालाही पिरानेसीची चित्रे पाहून रोमला गेल्यावर तिथले अवशेष अपेक्षेपेक्षा लहान वाटले होते, आणि कॅराकॅलाच्या स्नानगृहांबद्दल जर्मन कवी गटेने असाच काहीसा शेरा मारून ठेवला आहे.

म्हणून हा धागा. पिरानेसीच्या चित्रांकडे भग्नावशेषांची नोंद म्हणून पाहावे, की कल्पनाविलास म्हणून? तो खोटे सांगत होता का? आणि सांगत असेल तर नेमके कुठे?

काही मूलभूत माहिती सोयीसाठी देतो. पिरानेसीचा जन्म १७२० साली व्हेनिसजवळ झाला. वडील दगडकाम करणारे होते आणि मामा मात्तेओ लुक्केसी व्हेनिसच्या जलव्यवस्थेच्या खात्यात अभियंता होते. १७४० मध्ये तो व्हेनिसच्या राजदूताच्या परिवारातील चित्रकार म्हणून रोमला आला आणि ज्युसेप्पे वासी याच्याकडे एचिंग शिकला. 'वेदुते'ची सुरुवात १७४८च्या सुमारास झाली आणि १७७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो ही दृश्ये कोरत राहिला. एकूण १३५ चित्रे झाली.

---

तिबेरकाठची_मीरा

धागा आवडला. मी गेली काही वर्षे रोममध्ये राहते आणि पाहुणे आले की त्यांना घेऊन त्या कठड्यापाशी उभे राहण्याचे काम माझ्याकडेच असते, त्यामुळे तुमचा अपेक्षाभंग मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे दोन वेगळे भाग करायला हवेत. वास्तू कशी होती हा एक भाग, आणि ती किती मोठी दिसत होती हा दुसरा. पहिल्या भागात पिरानेसी बहुतेक वेळा विश्वासार्ह आहे, दुसऱ्यात मात्र तो मुक्त हस्ताने वागतो. एका जागी पाय रोवून उभे राहिले तर डोळ्यांत मावणार नाही एवढा रुंद पट्टा तो एका चित्रात बसवतो. त्यासाठी तो दोन-तीन जागांवरून दिसणारी दृश्ये एकत्र शिवतो आणि शिवण दिसू देत नाही. कॅमेरा घेऊन त्याची चौकट जशीच्या तशी पकडण्याचा प्रयत्न केलात तर एक इमारत जमते आणि दुसरी निसटते.

पण वास्तूंच्या स्थितीबद्दल तो जे सांगतो, ते अनेकदा आज दुसरीकडे पाहायला मिळत नाही. टायटसची कमान आज जशी सुटी आणि नीटनेटकी उभी आहे, तशी ती त्याच्या काळी नव्हती. मध्ययुगात फ्रांजिपाने घराण्याने तिला आपल्या तटबंदीत ओढून घेतले होते, आणि १८२१च्या सुमारास वास्तुरचनाकार व्हालादिएरने आजूबाजूचे बांधकाम काढून तुटलेला भाग नव्या दगडात उभा केला. त्याआधीची कमान पाहायची असेल तर पिरानेसीकडे यावे लागते. पँथिऑनच्या त्याच्या चित्रात दर्शनी भागावर दोन घंटामनोरे दिसतात. लोक त्यांना चेष्टेने गाढवाचे कान म्हणत. ते १८८३ मध्ये पाडले गेले. नगरकोटाबाहेरच्या सेंट पॉल बॅसिलिका या चर्चचा आतील भाग त्याने कोरला आहे, आणि ती बॅसिलिका १८२३ च्या जुलैमध्ये आगीत भस्मसात झाली. रिपेत्ताचे सुंदर वळणदार पायऱ्यांचे नदीबंदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिबेरचे बांध घालताना नाहीसे झाले. तेही त्याच्या चित्रात आहे.

तुमच्याच चित्रात गुरांना पाणी पिण्यासाठी एक मोठे गोल दगडी पात्र असेल, तेही शोधा. ते ग्रॅनाइटचे प्राचीन पात्र १८१८ मध्ये तिथून उचलून क्विरिनाल टेकडीवरच्या कारंज्यात बसवले. मी ऑफिसला जाताना त्याच्यावरून जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. चित्राखालच्या सूचीत त्याने दिलेली नावे आज बदललेली आहेत. तुमच्या उजवीकडच्या तीन खांबांना तो 'गर्जणाऱ्या ज्युपिटरचे मंदिर' म्हणतो, ते व्हेस्पेशियनचे मंदिर आहे. ज्याला तो 'काँकॉर्डियाचे मंदिर' म्हणतो ते सॅटर्नचे, आणि 'शांतिमंदिर' म्हणजे मॅक्सेन्शियसची बॅसिलिका, हे एक प्राचीन सभागृह. यात खोटेपणा नाही. त्या काळच्या विद्वानांचे हेच मत होते.

---

तेजाबवाला

मी छापचित्रण शिकलो आहे आणि अजूनही घरच्या लहान यंत्रावर ठसे काढतो, म्हणून थोडे तंत्राच्या बाजूने लिहितो. पिरानेसीच्या काळ्या-पांढऱ्याचे जे गारूड आहे, त्यातील अर्धे उत्तर तेजाबाच्या भांड्यात आहे.

ज्यांना प्रक्रिया ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचा गुळगुळीत पत्रा गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात आणि तो मेणबत्तीच्या काजळीने काळा करतात. मग सुईने त्या थरावर रेघा ओढतात. सुई तांबे कापत नाही, ती फक्त थर बाजूला सारते. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेघांपुरतेच तांबे खाल्ले जाते. थर पुसून काढल्यावर त्या खाचांत शाई भरतात, पृष्ठभाग जाळीदार कापडाने पुसून घेतात, ओलसर कागद ठेवतात आणि जड रुळांच्या यंत्रातून पत्रा ओढतात. कागद खाचांत शिरून शाई उचलतो.

आता मुद्दा असा की रेघ किती काळी येणार, हे ती किती वेळ आम्लात राहिली यावर ठरते. दूरच्या वस्तू थोडा वेळ खाऊ द्यायच्या, पत्रा बाहेर काढून तेवढ्या भागावर वार्निश लावून तो बंद करायचा, पुन्हा आम्लात टाकायचा, मग मधला भाग बंद करायचा, आणि शेवटी पुढच्या सावल्यांना मनसोक्त खाऊ द्यायचे. हे टप्पे सगळेच एचिंग करणारे वापरतात, परंतु पिरानेसी ते इतक्या वेळा आणि इतक्या बेडरपणे वापरतो की त्याच्या पत्र्यांवरच्या काही खाचा चक्क बोटाला लागतील एवढ्या खोल असतात. वासीची त्याच काळातली रोमची दृश्ये शेजारी ठेवून पाहा. तीच कमान, तीच वाट. पण वासीच्या चित्रात सगळीकडे एकसारखा दुपारचा उजेड आहे. वासी आपल्या या शिष्याला म्हणाला होता की तू खोदकाम करणारा होण्याच्या मानाने फारच चित्रकार आहेस, अशी एक हकिगत सांगतात. ती खरी असो वा नसो, नेमकी आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या रेघेची. पडलेली वीट, ठिसूळ झालेला चुना, गुळगुळीत संगमरवर आणि वर वाढलेले गवत या चौघांसाठी त्याच्याकडे चार वेगळ्या लिप्या आहेत. विटांना तो तुटक आडव्या रेघा देतो, गवताला वाकड्या आकड्यांसारख्या, आणि संगमरवराचा बराच भाग तो नुसता कोरा कागद सोडतो. म्हणून त्याच्या चित्रात भिंत कशाची आहे हे न सांगता कळते. पक्के आराखडे तो फारसे करीत नसे. चित्र कागदावर नसून माझ्या डोक्यात आहे, ते तुला तांब्यावर दिसेल, असे त्याने ह्युबेर रोबेर या आपल्या फ्रेंच मित्राला सांगितल्याची कथा आहे. उलटा ठसा येतो हे लक्षात घेऊन इतके गुंतागुंतीचे दृश्य थेट पत्र्यावर उलटे रचणे ही साधी गोष्ट नव्हे.

पडवीतला_वाचक, तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या प्रतीवर तळाच्या अक्षरांजवळ पत्ता आणि किंमत आहे का, ते पाहून सांगाल का? १७६१ पासून त्याचे छपाईचे दुकान स्त्रादा फेलिचेवरच्या पालात्सो तोमातीत होते आणि त्याच्या हयातीतल्या अनेक प्रतींवर हा पत्ता आणि 'अडीच पाओली' (पाओली हे तेव्हाचे तिथले नाणे) ही किंमत कोरलेली आढळते. कोपऱ्यात शाई नसलेला, नुसता दाबून उमटवलेला शिक्का आहे का, तेही बघा. त्या धूसर कलोसियमबद्दल मला एक शंका आहे, परंतु उत्तर आल्याशिवाय बोलत नाही.

---

कमानकार

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे. मीरा यांनी केलेली विभागणी मला मान्य आहे, परंतु त्यात एक तिसरा भाग राहिला असे वाटते. पिरानेसी केवळ दृश्ये विकणारा नव्हता, तो एक बाजू मांडणारा वकील होता, आणि अतिशयोक्ती हे त्या वकिलीचे साधन होते.

काळ लक्षात घ्या. १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पाँपेई येथे खोदकाम सुरू झाले. १७५५ मध्ये विंकेलमान या जर्मन कलाभ्यासकाने ग्रीक कलेतील उदात्त साधेपणाचा पुरस्कार केला. १७५८ मध्ये ल रॉय याने ग्रीसमधील अवशेषांवरचा ग्रंथ काढला आणि १७६२ मध्ये स्ट्युअर्ट व रेव्हेट यांनी अथेन्सच्या वास्तू मोजून छापल्या. सगळ्या युरोपात सूर एकच होता: मूळ आणि शुद्ध ते ग्रीक, रोमनांनी फक्त नक्कल केली. पिरानेसीला हे अजिबात सहन झाले नाही. १७६१च्या 'देल्ला मान्यिफिचेन्त्सा' या ग्रंथात त्याने रोमनांनी बांधकाम ग्रीकांकडून नव्हे तर एट्रुस्कनांकडून, म्हणजे रोमनांआधीच्या इटलीतील लोकांकडून, घेतले असा पक्ष मांडला. १७६४ मध्ये मारिएत या फ्रेंच संग्राहकाने त्यावर टीका केली, तर १७६५ मध्ये पिरानेसीने आणखी तिखट उत्तर छापले.

हे वाद चित्रांत कसे उतरतात हे पाहायचे तर 'वेदुते'पेक्षा १७५६ची 'अंतिकिता रोमाने' पाहावी. चार खंड, आणि त्यांतील कित्येक पाने जमिनीखालच्या भागांना दिलेली. हेड्रियनच्या समाधीचा, म्हणजे आजच्या कास्तेल सांतांजेलोचा पाया दाखवणारे त्यातील चित्र मला विद्यार्थिदशेत झोप लागू देत नसे. दगडाचा एक प्रचंड उतरता कडा, एकमेकांवर रचलेल्या शिळा, आणि वरच्या इमारतीचा जेमतेम काठ. तो पाया एवढा अवाढव्य नव्हता. पण पायाच दाखवावा असे त्याला सुचले, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच्या आधीची दृश्यचित्रे खांब आणि कमानी दाखवून थांबत. पिरानेसी मात्र भार कुठून कुठे जातो, शिळा उचलण्यासाठी कोणत्या खाचा केल्या होत्या, भिंतीच्या पोटात काय भरले आहे, हे विचारतो. दगडकाम करणाऱ्याचा मुलगा आणि जलव्यवस्थेतील अभियंत्याचा भाचा असे प्रश्न विचारणारच. सिसिलिया मेतेल्लाच्या समाधीच्या शिळा कशा चढवल्या असतील, याची साधने त्याने वेगळ्या चित्रात सुटी करून दाखवली आहेत.

तेव्हा माझे म्हणणे असे की प्रमाण वाढवणे हा त्याचा युक्तिवाद आहे आणि दगडाचा तपशील हा पुरावा आहे. वकील आवाज चढवतो म्हणून पुरावा खोटा ठरत नाही.

---

नवशिका_रेघ

एक लहानसा प्रश्न. त्याच्या चित्रांतील माणसे फार बारीक काढलेली असतात. त्यामुळेच इमारती मोठ्या वाटतात का?

---

तिबेरकाठची_मीरा

@नवशिका_रेघ, बऱ्याच अंशी हो. मोठ्या इमारतीशेजारी माणूस किती उंच असावा हे आपल्याला ठाऊक असते, आणि तो माणूस थोडा आखूड काढला की डोळा आपोआप इमारत वाढवतो. त्यातही त्याची माणसे शांत उभी नसतात. फाटक्या झग्यातले, हात उंच करून कुठेतरी बोट दाखवणारे, ढिगाऱ्यावर आडवे पडलेले असे लोक तो पेरतो, आणि त्यांच्याकडे नजर गेली की तिथून वर उचलली जाते. शिवाय तो पुष्कळदा जमिनीलगतून वर पाहतो. कलोसियमचे १७७६च्या सुमाराचे चित्र मात्र याला मोठा अपवाद आहे. ते त्याने आकाशातून पाहिल्यासारखे काढले आहे, एखाद्या विवरात डोकावावे तसे. त्या उंचीवर तेव्हा कोणी जाऊ शकत नव्हते, म्हणजे दृष्टी पूर्णपणे काल्पनिक, आणि तरीही आतील रिंगणाभोवतीची क्रुसाच्या वाटेची लहान देवळे नेमक्या जागी आहेत. ती अठराव्या शतकाच्या मध्यावर पोप चौदाव्या बेनेडिक्टच्या काळात बसवलेली होती आणि पुढे काढली गेली.

---

तांबटआळी

या चर्चेत पुण्याचा संबंध आणला तर विषयांतर होणार नाही अशी आशा आहे, कारण तो खराखुरा संबंध आहे.

पिरानेसीनंतर वीसएक वर्षांतच याच पद्धतीच्या दृश्यमाला भारतातील प्राचीन वास्तूंच्या निघू लागल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांची 'ओरिएंटल सीनरी'. १७९५ ते १८०८ या काळात १४४ चित्रे निघाली. त्यांपैकी वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. हा वेल्स पेशवाईत पुण्यात होता, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे त्याने रंगवली, आणि १७९५ मध्ये ठाण्यास तो वारला. त्याच्या हाताखाली शिकलेला गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची रेखाटने करीत असे; ती आता अमेरिकेत येल येथील संग्रहात आहेत. माझे टोपणनाव आळीवरून घेतले आहे, गंगारामशी नाते सांगण्याचा हेतू नाही.

तुलना केली की फरक लगेच दिसतो. डॅनियलांची चित्रे ॲक्वाटिंट आहेत. पत्र्यावर राळेची भुकटी पसरून तिच्या कणांभोवती आम्ल खाऊ देतात, त्यामुळे रेघेऐवजी पाण्याच्या रंगासारखी सपाट छटा मिळते. पिरानेसीचा ओरखडा तिथे नाही. दुसरे म्हणजे, कैलास लेणे हा ढासळलेला अवशेष नव्हे. डोंगरातून कोरून काढलेली वास्तू पडत नाही, ती झिजते. युरोपीय चित्रकार मात्र त्यावर झाडेझुडपे, मोडलेल्या कडा आणि काठीला टेकलेला एखादा माणूस असा रोमचा सगळा सरंजाम चढवतात. गंगारामच्या रेखाटनांत तो सरंजाम पुष्कळ कमी आहे. त्याला मूर्ती कशी आहे हे सांगायचे होते, तिच्याकडे पाहून उसासा टाकायचा नव्हता. हे माझे मत आहे, कोणी खोडून काढले तर आनंदच होईल.

---

तेजाबवाला

तांबटआळी, ॲक्वाटिंटबद्दल अगदी बरोबर. उसाशाबद्दल मात्र पिरानेसीच्या वतीने एक शब्द. उसासा टाकणारे होते ते त्याचे मित्र. ह्युबेर रोबेरने तर १७९६ मध्ये लूव्रचे मोठे दालन भविष्यात कोसळल्यावर कसे दिसेल, तेही रंगवून टाकले. पिरानेसी भग्नावशेषांकडे पाहून हळहळत नाही, तो चिडतो. त्या गाडलेल्या कमानीच्या चित्रात मला दुःखापेक्षा तक्रार अधिक दिसते.

---

इतिहासवेडी

चिडण्यावरून आठवले, आणि हे पडवीतला_वाचक यांच्या चित्राला थेट लागू पडते.

'अंतिकिता रोमाने' हा ग्रंथ लॉर्ड शार्लमाँ या आयरिश उमरावाला अर्पण केलेला होता. त्याने खर्चाचा भार उचलण्याचे मान्य केले होते. काम थडग्यांवरच्या एका खंडावरून चार खंडांवर गेले आणि पैसे काही येईनात. तेव्हा पिरानेसीने अर्पणपत्रिकेच्या पत्र्यावरून शार्लमाँचे नाव खरवडून काढले, आणि तेही असे की प्राचीन शिलालेखावरून कोणीतरी छिन्नीने नाव उडवले आहे असे दिसावे. १७५७ मध्ये त्याने सगळा पत्रव्यवहारच पुस्तिका म्हणून छापला.

ही कल्पना त्याला कुठून मिळाली असेल? सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवर सम्राटाबरोबर त्याच्या दोन्ही मुलांची, कॅराकॅला आणि गेटा यांची नावे होती. बापाच्या पश्चात कॅराकॅलाने गेटाचा खून करवला आणि साम्राज्यभर त्याचे नाव पुसायला लावले. कमानीच्या शिलालेखातील ती ओळ खोदून त्या जागी बाप-लेकाच्या आणखी पदव्या बसवल्या आहेत, आणि जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोके आजही दिसतात. जो माणूस त्या कमानीचा दगड न् दगड ओळखत होता, त्याला हे माहीत नसणे शक्य नाही. कमान त्या काळी निम्मी गाडलेली असल्यामुळे तो शिलालेख आजच्यापेक्षा डोळ्यांच्या बराच जवळ होता, हेही ध्यानात घ्यावे.

---

पडवीतला_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. गेटाची हकिगत वाचून मी भिंग घेऊन चित्रातील शिलालेख पाहिला. अक्षरे अर्थातच वाचता येण्याजोगी नाहीत, परंतु ओळींची संख्या मोजता येते.

@कमानकार, तुमचा युक्तिवाद आणि पुरावा हा भेद मला पटतो. एक शंका मात्र राहते. रोमची वकिली एवढ्या हट्टाने करणारा माणूस आयुष्याच्या अखेरीस पेस्टमला गेला. ती तर ग्रीक मंदिरे. मग तिथे तो काय करत होता?

---

कमानकार

ज्या प्रश्नाची वाट पाहत होतो तोच विचारलात. १७७७-७८ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, तो नेपल्सच्या दक्षिणेला पेस्टमला गेला आणि तिथल्या तीन डोरिक, म्हणजे साध्या आणि जाड खांबांच्या ग्रीक शैलीतील, मंदिरांची मोठी रेखाटने केली. त्यांतील बरीचशी आज लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहेत. चित्रमाला त्याच्या मृत्यूच्या वर्षी निघाली आणि मुलगा फ्रांचेस्को याने ती पुरी केली.

ती रेखाटने पाहिली की जाणवते, इथे तो आवाज चढवत नाही. दृष्टी माणसाच्या उंचीवर आहे, खांबांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी खरे आहे, माणसांऐवजी गुराखी आणि म्हशी खांबांच्या सावलीत निवांत आहेत. बुटके, फुगीर, खडबडीत खांब. विंकेलमानच्या नाजूक ग्रीसशी त्यांचे काहीही जुळत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते त्याला आवडले. ही मंदिरे इटलीच्या मातीवर आहेत, म्हणून ती अथेन्सहून निराळी आणि गंभीर आहेत, असे त्याने स्वतःचे समाधान करून घेतले. पक्षकार बदलला नाही, पण साक्षीदाराला प्रथमच मध्ये न तोडता बोलू दिले. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी तिथे शोधतो. जो पेस्टमला असे काढू शकतो, त्याला रोममध्येही खरे प्रमाण काढता येत होते. तिथे त्याने ते मुद्दाम काढले नाही.

---

पडवीतला_वाचक

@तेजाबवाला, तुमच्या विनंतीप्रमाणे चौकट उघडली. पत्ता किंवा किंमत कुठेही नाही. तळाच्या कोपऱ्यात दाबून उमटवलेला गोल शिक्का आहे, काचेमुळे तो आजवर दिसलाच नव्हता. त्यात 'रेजिया काल्कोग्राफिया' अशी अक्षरे वाचता येतात.

---

तेजाबवाला

मग शंका खरी ठरली.

पिरानेसीच्या मृत्यूनंतर मुलांनी तांब्याचे पत्रे १७९९ मध्ये पॅरिसला नेले आणि तिथे त्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. पुढे ते फिर्मँ दिदो या मुद्रकांकडे गेले आणि १८३९ मध्ये पोपच्या सरकारने विकत घेऊन रोमला परत आणले. 'रेजिया' म्हणजे शाही, राजाची. रोम इटलीच्या राजाकडे १८७० मध्ये आले, त्यामुळे हा शिक्का त्यानंतरचा. तुमची प्रत खऱ्या पत्र्यावरचीच आहे, बनावट नाही, परंतु ती पिरानेसी जाऊन जवळजवळ शंभर वर्षे झाल्यावर, शेकडो ठसे निघून गेलेल्या पत्र्यावरून काढलेली आहे.

प्रत्येक छपाईला पत्रा पुसावा लागतो आणि पुसताना तांबे थोडेथोडे झिजते. आधी जातात त्या उथळ रेघा, म्हणजे ज्यांना आम्लात सर्वांत कमी वेळ ठेवले होते त्या. त्या कोणत्या, हे मी वर लिहिलेच आहे: दूरच्या वस्तू. खोल सावल्यांना मात्र काही होत नाही. तुमचे धूसर कलोसियम पिरानेसीने एवढे धूसर केलेले नसावे. सुरुवातीच्या प्रतींत त्याचे अंतर फिकट असले तरी कडक आणि स्वच्छ असते.

---

पडवीतला_वाचक

पन्नास वर्षे ज्याला काळाचे अंतर समजत होतो, ती पुसणाऱ्याच्या फडक्याची करामत निघाली. आजोबांना सांगायला हवे होते. ते नक्की हसले असते. चित्र अर्थातच भिंतीवर परत लावले आहे, आणि कमानीच्या पोटातला काळोख अजून तसाच दाट आहे.

मीरा, ते पत्रे आता रोममध्येच, त्रेव्हीच्या कारंज्याशेजारच्या संस्थेत आहेत ना? तिथे किंवा अन्य कुठे पिरानेसीच्या हयातीतील प्रत पाहण्याचा योग आला, तर कलोसियमच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या खिडक्या मोजता येतात का, एवढे पाहून कळवाल का? माझ्या प्रतीत भिंग लावूनही तीनच सापडल्या.

---

तिबेरकाठची_मीरा

हो, तिथेच आहेत. अभ्यासिकेत वेळ घेऊन जावे लागते. पुढच्या आठवड्यात विचारते, आणि मोजून इथेच लिहिते.